दोन शिवा आणि मधलं तळं

एकच बांध दोन कागदांवर दोनदा काढलेला असतो. अण्णांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चौथीत होते. अण्णा सरकारी मोजणीदार. सातारा जिल्ह्यातल्या तीन-चार तालुक्यांत त्यांची उभी नोकरी झाली. रविवारी सकाळी सोप्यात सतरंजी टाकून ते जुन्या टिपणांच्या स्वतःच्या हातानं उतरवलेल्या नकला पसरायचे आणि मी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायची.

टिपण म्हणजे एका सर्व्हे नंबराचा आराखडा. रानातून जाणारी एक सरळ रेघ, शंकू लावून तिच्या दोन्ही अंगांना काटकोनात घेतलेली मापं, आणि ती सगळी साखळी-आण्यांत. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, अशा ४० गुंठ्यांचा एकर. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून जी जमीनमोजणी बसवली, तिचे धागे अण्णांच्या त्या सतरंजीपर्यंत येऊन पोचले होते.

शेजारच्या दोन नंबरांची टिपणं घेतली की सामायिक बांध दोन्हींत असायचा. इकडच्यात उजव्या हाताला, तिकडच्यात डाव्या, आणि बऱ्याचदा तिरका, कारण मधली रेघ प्रत्येक टिपणात वेगळ्या दिशेनं टाकलेली. अण्णा एक कागद हळूहळू फिरवत दुसऱ्याजवळ आणायचे, बांधावर बांध बसवायचे आणि मग कोपऱ्यात बारीक अक्षरात शेरा लिहायचे: अमुक टिपण इतकं फिरवून लावलं.

“बसलं की आता. मग लिहायचं कशाला?” मी विचारलं.

“बसलंय हे कुणालाही दिसंल,” ते म्हणाले. “कसं बसवलं ते उद्या कोण सांगणार?”

या वाक्यामागचं गणित मला भेटायला तीस-पस्तीस वर्षं जावी लागली.

मी महाविद्यालयात गणित शिकवते. एफ.वाय.ला कॅल्क्युलस, टी.वाय.ला टोपॉलॉजी, म्हणजे ताणले-वाकवले तरी न बदलणाऱ्या आकारांचं गणित. गेली आठ वर्षं संध्याकाळी सात ते नऊ हा वेळ मी स्वतःसाठी राखून ठेवला आहे आणि त्या वेळात कॅटेगरी थिअरी, म्हणजे वस्तूंपेक्षा त्यांच्यातल्या संबंधांकडे बघणारं गणित, वाचते. आधी साधी, मग हल्ली जिला उच्च म्हणतात ती. पदवी मिळवायची म्हणून हे वाचत नाही. दोन प्रश्न मला धरून बसले आहेत, त्यांच्यासाठी वाचते.

आपल्याकडे अकरावी-बारावीच्या गणितात लिमिटला ‘सीमा’ म्हणतात. एखाद्या आकड्याच्या जवळ जवळ जात राहणं, हा तिथला अर्थ. सॅम्युएल आयलेनबर्ग आणि साँडर्स मॅकलेन यांनी १९४५ साली ज्या शास्त्राचा पाया घातला, त्यातलं लिमिट नावानं तेच असलं तरी कामानं फार पसरट आहे. डॅनियल कान यांनी १९५८ मध्ये त्याला सर्वसाधारण रूप दिलं. मला मात्र ‘सीमा’ हा शब्द तिथंही चपखल वाटतो, आणि तो आपल्या बोलीमुळे. सीमेची आपण शीव केली. गावाची शीव, शिवेवरचा दगड, शिवेवरचा देव. मुंबईतलं शीव स्टेशनही त्याच शब्दाचं, मुंबई बेट आणि साष्टी यांच्या हद्दीवरचं. दोन गावं जिथं एकमेकांना टेकतात आणि दोघांच्याही कागदावर जे यावं लागतं, ते म्हणजे शीव. लिमिटचं सगळं काम शिवेवर चालतं.

सोपं करून सांगते. शंभर टिपणं आहेत. कुठला बांध कुठल्या बांधाशी एक, हे ठरलेलं आहे. ती सगळी जोडून गावाचा नकाशा केला. वरून काही घातलं नाही, आतलं काही गाळलं नाही. ही झाली कोलिमिट. मी तिला मनात जोड म्हणते. आता त्याच शंभर टिपणांवर प्रत्येकानं आपापल्या तुकड्यातली जमिनीची उंची लिहिली. माझ्या टिपणात बांधाची उंची एक आणि शेजाऱ्याच्या टिपणात त्याच बांधाची दुसरी असेल तर ते चालायचं नाही. सर्व बांधांवर एकमत असलेले जे नोंदींचे संच, त्या सगळ्यांचा मिळून झाला लिमिट. त्याला मी जुळणी म्हणते. आणि या शास्त्रातली सगळ्यात कामाची गोष्ट ही की जोडलेल्या गावाची उंची लिहिणं आणि तुकड्यांवरच्या उंचींची जुळणी करणं, ही दोन कामं एकच आहेत. जोडीकडून बाहेर पाहिलं की जुळणी दिसते. वर्गात हे सांगताना माझा आवाज अजूनही थोडा चढतो. विद्यार्थी वर बघतात, म्हणून मला ठाऊक आहे.

इथवर सगळं सुखाचं. माझा पहिला प्रश्न याच्या पुढचा.

दोन गावं घ्या, मध्ये एक तळं. तळ्याच्या उत्तरेला गावांची शीव एकमेकांना भिडते, दक्षिणेलाही भिडते, मधे पाणी. आता फार लांबून बघा, इतक्या लांबून की प्रत्येक गाव एक ठिपका आणि प्रत्येक शीवही एकेक ठिपका. साधं गणित म्हणतं: उत्तरेची शीव सांगते की हे दोन ठिपके एक. दक्षिणेची शीव पुन्हा तेच सांगते. एकदा एक झालेले दुसऱ्यांदा काय एक होणार? उत्तर, एक ठिपका. हिशेबात चूक काहीच नाही. पण तळं गेलं. दोन वाटांनी टेकलेली गावं आणि एका वाटेनं टेकलेली गावं यांतला फरकच उरला नाही.

उच्च कॅटेगरी थिअरीत ‘हे दोन एक आहेत’ असं नुसतं म्हणता येत नाही. कशानं एक आहेत, ते सोबत द्यावं लागतं. उत्तरेच्या शिवेसाठी दोन ठिपक्यांमध्ये एक दोरा बांधा, दक्षिणेच्या शिवेसाठी दुसरा. दोन ठिपके, दोन दोरे: झालं वर्तुळ. त्याच माहितीची, तशीच जोड, पण आता मधलं तळं शाबूत आहे.

हे मी पहिल्यांदा नीट समजून घेतलं त्या रात्री वही मिटून बराच वेळ गॅलरीत उभी होते. अण्णांचा कोपऱ्यातला शेरा डोळ्यांपुढे होता. दोरा म्हणजे शेराच की. दोन गोष्टी एक मानण्याचा जो व्यवहार झाला, त्याची नोंद.

जुळणीकडून पाहिलं तर आणखी गंमत आहे. वर्तुळावर एका जागी उभ्या राहा आणि विचारा, या बिंदूची याच बिंदूशी जुळणी किती प्रकारे होते? साधं गणित म्हणेल, एका. स्वतःची स्वतःशी जुळणी, तिच्यात निवड कसली? उच्च गणितात जुळणी म्हणजे इथून निघून इथं परत येण्याची वाट. न हलता उभं राहणं ही एक वाट, तळ्याला एक फेरी ही दुसरी, दोन फेऱ्या तिसरी, उलटी फेरी चौथी. सगळ्या मोजल्या की हाती येतात पूर्णांक, ऋण आणि धन सगळे. एका बिंदूची स्वतःशी गाठ घालायला गेलं आणि अख्खी संख्यारेषा मिळाली. अवकाशांचा, म्हणजे टोपॉलॉजीतल्या आकारांचा, अभ्यास करणाऱ्यांना हे फार आधीपासून ठाऊक होतं; उच्च कॅटेगरीनं त्याला लिमिट या साध्या शब्दाच्या घरात आणून बसवलं.

अर्थात शेरे लिहायचे म्हटलं की ते दोघांवर थांबत नाहीत. तीन गावांच्या शिवा एका दगडापाशी मिळतात. पहिल्याचा कागद दुसऱ्याला लावताना जितका फिरवला, दुसऱ्याचा तिसऱ्याला लावताना जितका फिरवला, त्यांची बेरीज पहिल्याचा थेट तिसऱ्याला लावताना फिरवल्याइतकी यायला हवी. अण्णा हे रोज करत होते. गणितात या अटीला कोसायकल म्हणतात. उच्च पातळीवर ही नुसती अट राहत नाही. तिथंही ‘कशानं बरोबर आली’ हे लिहायचं असतं, मग चार गावं मिळतात तिथं त्या शेऱ्यांचा शेरा, आणि हे पुढे कुठंच थांबत नाही. हे सगळं न चुकता सांभाळणारी भाषा तयार व्हायला वेळ लागला. बोर्डमन आणि फोख्ट यांनी १९७३ मध्ये तिची एक चौकट मांडली, आंद्रे जोयाल यांनी पुढे ती कसली, आणि जेकब ल्यूरी यांचा उच्च टोपॉसवरचा नऊशेहून अधिक पानांचा ग्रंथ २००९ मध्ये आला. माझ्याकडे त्याची छापून घेऊन बांधलेली प्रत आहे, तीन भागांत. पहिल्या भागाची पाठ दोनदा शिवून घेतली आहे.

टोपॉस. ग्रीक शब्द, अर्थ जागा. मराठीत ‘जागा’ म्हणजे ठिकाण आणि ‘जागा’ म्हणजे झोपी न गेलेला, हे दोन्ही अर्थ एका उच्चारात बसतात याचं मला उगीचच बरं वाटतं. ही कल्पना अलेक्झांडर ग्रोथेंडीक यांची. १९६३-६४ मध्ये पॅरिसजवळच्या त्यांच्या चर्चासत्रात मायकेल आर्टिन आणि जाँ-लुई व्हेर्दिए यांच्या सोबतीनं ती उभी राहिली. जन्म १९२८चा, बर्लिनमधला. युद्धकाळात आईबरोबर फ्रान्समधल्या छावणीत दिवस काढलेले, वडील ऑशविट्झमध्ये गेलेले. पुढे कित्येक वर्षं ग्रोथेंडीक कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते. ज्याच्या नावावर देश नव्हता त्या माणसानं जागा म्हणजे काय हा प्रश्न इतक्या मुळापासून विचारला, याकडे मला नुसता योगायोग म्हणून पाहता येत नाही.

त्यांचं उत्तर थोडक्यात असं, की जागा म्हणजे बिंदूंचा ढीग असं समजू नका. एखाद्या जागेवर तुकड्यातुकड्यानं ज्या ज्या नोंदी ठेवता येतील, आणि शिवांवर ज्यांची जुळणी होईल, त्या सगळ्या नोंदींचं मिळून जे जग होतं तेच ती जागा. मोजणीदाराच्या मुलीला हे कळायला जड गेलं नाही. गाव म्हणजे माती-दगड खरेच, पण सरकारदरबारी गाव म्हणजे गावाचं दप्तर. ग्रोथेंडीक यांनी एवढंच म्हटलं की दप्तर पुरेसं आहे. मातीपर्यंत न जाताही गावाबद्दल सगळं बोलता येतं. एवढंच नाही, ज्यात एकही बिंदू नाही पण नोंदी भरपूर आहेत, अशा जागाही असतात. फ्रान्सिस विल्यम लॉव्हिअर आणि माइल्स टियर्नी यांनी काही वर्षांतच दाखवलं की अशा प्रत्येक जागेला तिचं स्वतःचं तर्कशास्त्रही असतं. तो विषय मोठा आहे आणि माझ्या आवाक्याबाहेरही, म्हणून इथं सोडते.

ग्रोथेंडीक यांचा एक निबंध आपल्या मुंबईशी बांधलेला आहे. १९६८च्या जानेवारीत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बैजिक भूमितीवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्या निबंधसंग्रहात त्यांच्या प्रमाण अटकळींवरची (स्टँडर्ड कंजेक्चर्स) सात पानं आहेत; अटकळ म्हणजे खरं वाटणारं पण सिद्ध न झालेलं विधान. टोपॉसची सगळी खटपट ज्या कामासाठी झाली होती, आंद्रे वेल यांच्या १९४९च्या अटकळी, त्याच वाटेवरची ही पानं. वेल यांच्या अटकळी पिएर दलीन्य यांनी १९७०च्या दशकात वेगळ्या मार्गानं पूर्ण केल्या. प्रमाण अटकळी मोठ्या प्रमाणात अजून उघड्याच आहेत. एम.एस्सी.ला असताना आम्हाला एका व्याख्यानासाठी त्या संस्थेत नेलं होतं. ग्रंथालयात तो खंड मी हातात घेतला होता, पण तेव्हा त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. बाहेर हिरवळ आणि तिच्यापलीकडे समुद्र, एवढंच लक्षात राहिलं.

आता दुसरा प्रश्न. इथंच मला या विषयाचा गाभा वाटतो.

जाँ जिरो यांनी टोपॉस ओळखण्याच्या कसोट्या दिल्या. त्यांतली एक अशी, की जोड कुठंही ओढून नेली तरी ती जोडच राहते. म्हणजे गावाचा नकाशा जोडून मग त्यातला एक टापू कापला, किंवा आधी प्रत्येक टिपणातून तो टापू कापून मग जोडला, तरी फळ तेच. हे साध्या टोपॉसमध्येही चालतं. पण उलट दिशेचं काय? तुकड्यातुकड्यांवर काही ठेवलं, ते जोडलं, आणि जोडलेल्यातून पुन्हा एका तुकड्यावरचं मागितलं, तर जे ठेवलं होतं तेच परत मिळतं का? आपण एखाद्याकडे दागिना ठेवायला देतो तेव्हा हाच प्रश्न असतो.

तळ्याकाठच्या त्याच दोन गावांत कल्पना करा की दोन भावांचे हिस्से आहेत. प्रत्येक गावच्या वहीत हिस्सा एक आणि हिस्सा दोन अशा नोंदी. उत्तरेच्या शिवेवर इकडचा एक तिकडच्या एकाला लागतो, दोन दोनाला. दक्षिणेच्या शिवेवर मात्र इकडचा एक तिकडच्या दोनाला लागतो, आणि दोन एकाला. आता साध्या गणितानं जोडा. इकडचा एक म्हणजे तिकडचा एक. तिकडचा एक म्हणजे, दक्षिणेकडून, इकडचा दोन. म्हणून एक म्हणजेच दोन. दोन्ही भाऊ एकाच नोंदीत गेले. या जोडीतून एका गावचं दप्तर परत मागितलं तर तिथं एकच हिस्सा मिळतो. ठेवताना दोन भाऊ होते. एक भाऊ कागदावरून गेला.

उच्च टोपॉसमध्ये तो जात नाही. दोरे शिल्लक असतात, म्हणून जोडीत भाऊ दोनच राहतात. फक्त तळ्याला एक फेरी मारली की पहिल्याच्या हिश्शावरून निघून तुम्ही दुसऱ्याच्या हिश्शावर येता, आणि दुसऱ्या फेरीला परत पहिल्याच्या. कुठल्याही एका गावात उभं राहून विचारलं तर हिस्से दोन, जसे ठेवले तसे. या परत मिळण्याला डिसेंट म्हणतात. चार्ल्स रेझ्क यांनी उच्च टोपॉसची ओळखच या गुणावरून करता येते हे स्पष्ट केलं. जोडीवरच्या नोंदी या तुकड्यांवरच्या नोंदींची जुळणी असतात, आणि इथं ते नुसतं उंचीसारख्या आकड्यांपुरतं खरं नाही, तर भावांसारख्या, घरांसारख्या, अख्ख्या वस्तूंबाबतही खरं आहे. साध्या टोपॉसनं हे वचन अर्धंच पाळलं होतं. ग्रोथेंडीक यांना ही उणीव दिसलेली असणार असं मला फार वाटतं, कारण १९८३ मध्ये त्यांनी डॅनियल क्विलेन यांना जे पत्र लिहायला घेतलं आणि जे वाढत वाढत सहाशे पानांच्या घरात गेलं, त्याचा रोख याच दिशेला आहे.

आणि तरीही ही भाषा सगळं हाताशी आणून देते असं नाही. उच्च टोपॉसमध्ये अशा वस्तू असू शकतात ज्यांच्यात पहिल्या पायरीवर तपासलं तर वेगळे तुकडे सापडत नाहीत, दुसऱ्या पायरीवर फेऱ्या सापडत नाहीत, तिसऱ्या, चौथ्या, कितव्याही पायरीवर काही सापडत नाही, आणि तरी ती वस्तू बिंदूइतकी साधी नसते. ओळखीच्या अवकाशांत असं होत नाही. तिथं व्हाइटहेड यांचा सिद्धांत हमी देतो. इथं ती हमी सुटते. अशा वस्तू गाळून टाकण्याची सोय आहे, पण ल्यूरी यांनी त्या ठेवाव्यात याच्या बाजूनं आपल्या ग्रंथात वेगळा विभाग लिहिला आहे. दोन हिवाळे मी त्या विभागाशी झगडले. माझाही कौल ठेवण्याकडे आहे. कितीही पायऱ्या तपासल्या तरी दिसत नाही म्हणून नाही, असं म्हणायला माझं मन तयार होत नाही, आणि गणितही तयार होत नाही, याचा मला मोठा आधार वाटतो.

मागच्या दिवाळीत अण्णा माझ्याकडे होते. वय शहाऐंशी, नजर अधू, हात मात्र अजून स्थिर. एका दुपारी मी टेबलावर दोन गावांची आणि तळ्याची तीच आकृती काढत होते, तर काठी टेकत मागे येऊन उभे राहिले.

“कुठलं गाव?”

“गाव नाही अण्णा, गणित आहे.”

“तळं तर दिसतंय.”

मी त्यांना खुर्ची दिली आणि भावांचे हिस्से, उत्तरेची शीव, दक्षिणेची शीव, सगळं सांगितलं. साध्या रीतीनं जोडलं की एक भाऊ कसा जातो तेही सांगितलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. एकदा बोटानं तळ्याभोवती फेरी मारली, मग दुसऱ्यांदा. दुसऱ्या फेरीला बोट पहिल्या हिश्शावर आलं तेव्हा मान हलवली.

“यात जायचं काय कारण?” ते म्हणाले. “पेन्सिल दे.”

चष्मा कपाळावर सरकवून ते कागदावर वाकले. दक्षिणेच्या शिवेपाशी, कोपऱ्यात, त्यांच्या त्या बारीक तिरक्या अक्षरात त्यांनी लिहिलं: ‘या शिवेवर हिस्से १ व २ यांची अदलाबदल आहे.’ खाली सही केली. मग मला त्या दिवसाची तारीख विचारली, आणि तीही घातली.